मूठभर बियाण्याचा इसार

लातूरच्या दुकानांमधून प्रियदर्शनीने स्वतःच्याच कंपनीची पाकिटं विकत आणली आणि तपासली. पेरणीआधी सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं जिवाणू खत ती बनवत असे. जिवंत जिवाणूंची संख्या पाकिटावर छापलेली होती, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या डिशमध्ये जवळजवळ काहीच वाढलं नाही. मे महिन्यात दुकानाच्या पत्र्याखाली तापत पडलेल्या पाकिटात दुसरं काय होणार! थंड साठवणूक तिला परवडण्यासारखी नव्हती. पेरण्या सुरू व्हायच्या आत तिने सगळा माल परत घेतला आणि उत्पादन थांबवलं.

त्यानंतर दोन आर्थिक वर्षं कंपनीने काहीच व्यवहार केला नाही. आता कंपनीचं नाव सरकारी नोंदीतून काढून घेण्याचा अर्ज करता येणार होता.

"मॅडम, आपल्याकडं असं रीतसर कोण बंद करतंय?" तिचे सीए वीरभद्र स्वामी म्हणाले. "कुलूप लावायचं आन् विसरून जायचं."

"सलग तीन वर्षं विवरणपत्रं भरली नाहीत की संचालक अपात्र ठरतात. माझी आईसुद्धा संचालक आहे."

"मग त्यांचंही प्रतिज्ञापत्र लागेल. कंपनीवर कुणाचं काही देणं उरलेलं नाही, असं. नोटरीसमोर सही घ्या."

कंपनीला किमान दोन संचालक लागतात, म्हणून आई. धुरपताबाई बिलोलीजवळच्या गावात राहत. अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र सावकाश वाचलं आणि परत सरकवलं.

"सही न्हाई करत."

"का?"

"देणं न्हाई असं लिहिलंय. देणं हाय."

त्यांनी आतून परात आणली. परातीत कापडाच्या पुरचुंड्या होत्या, प्रत्येकीत मूठभर सोयाबीन. गावातल्या बाया उन्हाळ्यातच पाकिटं सांगून ठेवत आणि इसार म्हणून आपल्या घरच्या बियाण्यातली मूठ ठेवून जात. धुरपताबाईंनी पैशाचा इसार कधी घेतला नव्हता. मूठ ठेवली की पाकीट त्या घरचं. पेरणीच्या तोंडावर प्रियदर्शनी थेट प्रयोगशाळेतून बर्फाच्या पेटीत पाकिटं घेऊन येई.

"या यंदाच्या आहेत?"

"मग काय मागल्या सालच्या? त्यांना किडं पडलं असतं. दर उन्हाळ्यात बाया जुनी मूठ नेऊन नवी ठेवतेत."

"आई, पाकिटं निघणार नाहीत, हे तुला मी सांगितलं होतं."

"सांगितलंस. मला वाटलं, डोकं थंड झालं की चालू करशील. सालोसाल मीच म्हणून राहिले, यंदा येतील."

प्रियदर्शनीने स्वामींना फोन लावून मुठींचं सांगितलं.

"तोंडी गोष्ट कागदावर कुठं दिसतेय?" ते म्हणाले. "ठोका सही."

"मला दिसतेय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. "आई, घरोघर जाऊन मुठी परत देऊ."

"तुला काय, तू चाललीस लातूरला. एवढी सालं त्या गुणाबाईच्या लेकरांना अंगणवाडीत भरवलं, तवा तिनं आपल्या वस्तीत कधी पाय ठेवला न्हाई. पाकिटासाठी आली. आता माझ्या वसरीवर बसून चहा पिते."

प्रियदर्शनीने परात आपल्याकडे ओढली. "तू नको येऊस. मी एकटी जाते."

"तू कशापायी? मुठी मी घेतल्या." धुरपताबाईंनी पुरचुंड्या पिशवीत भरल्या.

बहुतेक बायांनी हसत परत घेतल्या. "काय डायरेक्टरीणबाई, दिवाळं निघालं का?" एकीने विचारलं.

"निघालं असतं तर तुझी मूठ बी शिजवून खाल्ली असती, बयो."

गुणाबाईंचं घर शेवटी होतं. पुरचुंडी पाहिल्यावर त्यांनी हात मागे घेतला.

"परत कशाला देऊन राहिलीस, धुरपता? माझी मूठ हलकी झाली व्हय?"

"कंपनी बंद करून राहिलो, गुणाबाई."

"जगाची कर बंद. आमच्यापुरती काढ की गं पोरी. आमचे मालक बी तेच म्हणतेत, सोयाबीन तुझ्या पाकिटानंच जोमात येतंय."

प्रियदर्शनीला काही पाकिटं काढणं अवघड नव्हतं. पण एक पाकीट विकलं की कंपनी पुन्हा चालू, आणि अर्ज पुढे ढकलला जाणार. शिवाय एक गोष्ट सांगायला हवीच होती.

"काकू, तुम्ही त्याच रानात दरसाल सोयाबीन घेता. ते जिवाणू आता मातीतच असणार. गेली दोन सालं पाकीट नव्हतं, तरी पीक आलंच; यंदाही बहुतेक काही फरक पडणार नाही."

गुणाबाई तिच्याकडे न बघता धुरपताबाईंकडे बघत राहिल्या. "म्हंजे गरज नसता मी तुझ्या दारात येऊन राहिले?"

"आधी लागत होतं. आता न्हाई लागत, असं ती म्हणते," धुरपताबाई म्हणाल्या. "तिला त्यातलं कळतं. पाकीट देते म्हणून मी शब्द दिला होता. तो मागं घेते." त्यांनी पुरचुंडी पुढे धरून ठेवली.

शेवटी गुणाबाईंनी ती घेतली. बसा म्हणाल्या नाहीत. दोघी वळल्या तेव्हा मागे दाराला आतून कडी लागली.

परतताना धुरपताबाई लेकीच्या पुढे चालत होत्या. घरी येऊन त्या उंबऱ्याशीच थांबल्या.

"आज राहू दे सही," प्रियदर्शनी म्हणाली. "मी पुढच्या आठवड्यात येते."

"कशाला? आता कुणाचं देणं न्हाई." धुरपताबाईंनी चपला काढल्या नव्हत्या. "बिलोलीचा नोटरी किती वाजेस्तोवर बसतो?"

"पाचपर्यंत."

"मग कागद घे आन् चल."