एक पदर जास्त

चष्म्याच्या दुकानात चहूबाजूंनी आरसे, त्यामुळे थोरल्या जावेला धाकटीपासून सुटका नव्हती. मान फिरवावी तिकडे धाकटी, ओळंबा लावल्यासारखी ताठ. आणि शेजारी आपण: पोट पुढे, पाठीला बाक.

"सोमवारपासून पुढचं काउंटर धाकटी बघेल," सासरे म्हणाले. "तू आत बसून काचा पूस. उभं राहून कंबर धरते ना तुझी?"

त्या काउंटरवर तिची बारा वर्षं गेली होती. काळजीत गुंडाळलेला अपमान तिला बरोब्बर कळला.

दुपारी धाकटी आत जेवायला बसली, तशी थोरलीने तिची चप्पल उचलून पाहिली. तळव्याच्या कमानीखाली चामड्याचा उंचवटा! चप्पल पदराआड लपवून तिने कोपऱ्यावरच्या मोच्याला गाठलं.

मोच्याने आधी तिच्याच पायातली मागून घेतली, उलटी केली. "बघा, आतल्या कडेला पार झिजलीय. तुमचा पाय आत कलतो. त्यामागे गुडघा आत, कंबर पुढे, मग तोल सावरायला पाठ वाकते. पाठीचा बिचारीचा काय दोष? धाकट्या बाईंचे पाय तर याहून वाईट. चामड्याचे तीन पदर लावले, तेव्हा सरळ झाल्या."

याहून वाईट! कित्येक महिन्यांत थोरलीला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"मला किती?"

"दोन पुरेत."

"तिला तीन आणि मला दोन? चार लावा."

"अहो, ही काय साखर आहे?"

"चार!"

शनिवारी ती सासऱ्यांसमोर मुद्दाम काउंटरवर उभी राहिली. अर्धा तास झकास गेला. मग पाय बाहेरच्या कडेवर कलले, गुडघे फाकले, आणि आरशात ती नुकतीच घोड्यावरून उतरल्यासारखी दिसू लागली.

धाकटी जवळ येऊन पुटपुटली, "ताई, दोन पदर काढा. मीही आधी पाच लावून घेतले होते."

"पाच? कशाला गं?"

"तुमच्यासारखं दिवसभर उभं राहायला. माझे पाय तासात भरून यायचे. तुम्ही मात्र बारा वर्षं... जळायचे मी तुमच्यावर."

थोरलीने काउंटरआड वाकून नखाने दोन पदर सोलले. उठली ती सरळच. आरशात दोघी सारख्या.

"बाबा," ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आत हिलाच बसवा. हिचे पाय माझ्याहून वाईट आहेत. मोच्याला विचारा!"

सासऱ्यांनी दोघींच्या पायांकडे पाहिलं. "मग माझी खुर्ची इथे घ्या. दोघी काउंटरवरच, आळीपाळीने बसा."

धाकटी लगेच बसली.

थोरली ताठ उभी राहिली. काउंटर हातचं गेलं नव्हतं, पण नजर खुर्चीवरून हलेना.