खालच्या कुरणातली याकबफुलं

अळी आधी मागच्या पायांनी देठ घट्ट धरी, मग पुढचं अंग उचलून पिवळ्या पाकळीच्या टोकापासून आत कुरतडत येई. अंगावर काळे-पिवळे पट्टे, त्यांवर विरळ केस. शारोल्टा गुडघे टेकून कितीतरी वेळ पाहत राहिली. अळी अजून करंगळीच्या पेराएवढीही झाली नव्हती. जमिनीत उतरून कोश करायला तिला दोन आठवडे तरी हवे होते. ते द्यायचे की नाही, हे शारोल्टाच्या हातात होतं.

वडिलांनी वाटणीत वरचं कुरण तिच्या भावाला, अंब्रुशला दिलं आणि खालचं रेताड कुरण तिला. तिथे संत याकबच्या सणाच्या सुमारास ही फुलं उमलत, म्हणून गाव त्यांना याकबफुलं म्हणे. शाळेत जीवशास्त्र शिकवायची तेव्हापासून ती हे कुरण उशिरा कापायची, तेही गवतासाठी नव्हे. या अळ्यांचे लाल-काळे पतंग अंडी घालायचे ते याच झाडावर. रेल्वेच्या बांधावरही ही झाडं असायची, पण यंदा तिथे औषध फवारलं होतं. आता तिथे वाळलेल्या काड्या होत्या आणि अळ्या एकमेकींना खात होत्या. तिने त्यातल्या काही डब्यात घालून इकडे आणल्या. त्यांपैकी जगलेल्या तिला बोटांवर मोजता आल्या.

गेल्या उन्हाळ्यात अंब्रुशचं पोट कापावं लागलं. ती शहरात इस्पितळात त्याच्याजवळ होती. इकडे रिवाजाप्रमाणे गाव न सांगता कामाला आलं. माणूस आजारी पडला की त्याचं शेत शेजारी कापतात, बायका पुलाव आणि भाकऱ्या घेऊन येतात, आणि बदल्यात कुणी काही मागत नाही. त्यांनी वरचं कुरण कापलं, आणि आता आलोच आहोत तर खालचंही कापलं. सगळं एकत्र वाळवून अशी सुबक गंजी रचली की येणारा-जाणारा थांबून पाही.

ती परतली आणि गंजीच्या कडेला तिला वाळलेली पिवळी बोंडं दिसली. हिरव्या याकबफुलाला घोडा तोंड लावत नाही, ते कडू असतं. वाळलं की कडूपणा जातो, विष राहतं. हे ती मुलांना फळ्यावर लिहून देत असे. पण गावाने घाम गाळून रचलेली गंजी गावादेखत उसकटायची म्हणजे त्यांच्या तोंडावर थुंकण्यासारखं. म्हणून ती रोज गोठ्याच्या आडोशाला एकेक पेंढी सोडून काड्या वेचू लागली. काड्या हाती लागत. पानांचा मात्र चुरा होऊन तो गवतात मिसळलेला असे.

वसंतात अंब्रुशची घोडी रिगो जांभया देऊ लागली. मग ती कपाळ भिंतीला टेकवून उभी राहू लागली, जणू भिंत ढकलून पलीकडे जायचं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, यकृत दगड झालंय. शेवटची सुई टोचताना अंब्रुशने लगाम धरला होता. त्यानंतर तो शारोल्टाला एका शब्दानेही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता मागे रिगोची वर्षाची शिंगरी उरली होती, आणि तिला हिवाळ्यासाठी गवत हवं होतं.

शनिवारी दुपारी शेजारचा काल्मान आला. गेल्या वर्षी गंजीच्या माथ्यावर तोच चढला होता. कुंपणाशी टोपी काढून उभा राहिला आणि वाकून अळीकडे पाहू लागला.

"बाई, हिचा सदरा आपल्या फुटबॉलच्या पोरांसारखा आहे," तो म्हणाला. "खेळही तसाच. नुसतं खायचं."

ती हसली नाही. मग तोही गंभीर झाला. सोमवारी माणसं यायला तयार होती, वरचं कुरण कापून देणार होती. पण खालचं असंच राहिलं तर आठ-दहा दिवसांत बिया धरतील, म्हाताऱ्या उडतील, आणि पुढच्या वर्षी वरच्या कुरणात, त्याच्याही कुरणात, याकबफुलंच फुलतील. पाऊस झाला आहे, माती मऊ आहे, मुळं सबंध निघतील, एवढं त्याने टोपीकडे बघत सांगितलं. मग आवाज खाली आणला.

"घोडीचं आम्हाला कळलं, बाई. गंजी आम्हीच रचली होती. तुम्ही बोलला का नाहीत?"

शारोल्टाने मान वळवली.

अंब्रुश शिंगरीला घेऊन कुरणाच्या बांधावर आला होता. शिंगरीने मान लांबवून एक फूल हुंगलं आणि नाक फेंदारून तोंड फिरवलं.

"अंब्रुश, तू काय म्हणतोस?" काल्मानने विचारलं.

"कुरण शारीचं आहे," तो म्हणाला. त्याने शारोल्टाकडे पाहिलंही नाही.

फुलं राखली तरी पुढच्या वर्षी फवारणारे इथवर येतील, हे तिला ठाऊक होतं. उपटली तर पुढच्या वर्षी काहीच उरणार नाही, हेही ठाऊक होतं. वाऱ्याबरोबर सगळं कुरण पिवळं हलत होतं आणि प्रत्येक तुऱ्यावर काळे-पिवळे पट्टे संथपणे चरत होते. तिने गुडघ्यांवरची माती झटकली.

"सोमवारी पहाटेच या," ती म्हणाली. "हातमोजे घालून या. सगळी उपटा, मुळासकट. अळ्यांसाठी थांबू नका."