दाराला करवत

ऊ फो म्या मठाच्या पायऱ्या चढला तेव्हा चपला काढायचं विसरला. साठ वर्षांत पहिल्यांदाच. नदीच्या घाटावर चहा पिताना कुणीतरी सहज बोलून गेलं होतं, की मठाचं मोठं दार कापतायत. पेला तसाच ठेवून तो निघाला होता.

तो पोचेपर्यंत चौकटीची उजवी बाजू कापून झाली होती. कोरलेला तुकडा भुश्शात पडला होता. राक्षसाच्या तोंडातून निघालेली वेल, वेलीत नाचणारी देवता. करवत नेमकी देवतेच्या मानेतून गेली होती. मंडालेत राजा होता त्या काळात फो म्याच्या पणजोबानं हे दार कोरलं होतं. एका दारासाठी तीन पावसाळे. तेव्हापासून घरात कोरीवकामच चालत आलं होतं.

"कुणी सांगितलं कापायला?"

शहरातून आणलेला सुतार खाली बघत म्हणाला, "काका, चपला."

"माझ्या चपला दिसतात तुला. हे नाही दिसत?"

चपला त्यानं पायऱ्यांवरून खाली भिरकावल्या. तेवढ्यात मठाधिपतींच्या शेजारी उभा असलेला ऊ ठे लिन पुढे आला. मंडालेत त्याच्या बसगाड्या होत्या आणि अंगणात ट्रकवर उभी असलेली संगमरवरी बुद्धमूर्ती त्यानंच दान दिली होती.

"ऊ फो म्या, रागावू नका," तो समजुतीनं म्हणाला. "मूर्ती सव्वाचार हात रुंद, दार तीन हातांचं. दहाचा मुहूर्त आहे. आता दार मोठं की भगवान मोठे, सांगा तुम्हीच."

"भगवानांनी मागितलं होतं का लाकूड कापून? मला विचारलं का नाही?"

"तुम्ही नको म्हणाला असतात."

"मी खुंट्या काढा म्हणालो असतो."

कुणाला काही कळलं नाही. तेव्हा फो म्यानं सुताराच्या पेटीतून लाकडी मोगरी उचलली आणि तो डाव्या बाजूला गेला. या मठात खिळा नव्हता. छपराचं सगळं ओझं मागच्या सागवानी खांबांवर, चौकट नुसती खोबणीत बसवलेली आणि वर-खाली खुंट्यांनी अडकवलेली. लढाईच्या दिवसांत सैनिक चुलीसाठी लाकूड शोधत हिंडत होते. तेव्हा फो म्याच्या आजोबानं गाव गोळा करून सगळी नक्षी अशीच उतरवली होती आणि नदीच्या वाळूत पुरली होती. दोन वर्षांनी एकेक फळी पुन्हा जागेवर बसली. एक टवका उडाला नव्हता.

त्यानं नक्षीआडच्या खुंट्या बोटांनी चाचपल्या. चार ठोके खाली, चार वर. डावी बाजू अख्खी बाहेर आली. त्यानं ती दोन्ही हातांनी आडवी धरून भिंतीशी ठेवली. पाव तासही लागला नव्हता.

"आता न्या तुमची मूर्ती."

मूर्ती आत गेली. दहाच्या मुहूर्ताला घंटा वाजली. आत मंत्र चालू झाले, आणि फो म्या बाहेर तो कापलेला तुकडा मांडीवर घेऊन बसून राहिला.

मंत्र संपल्यावर मठाधिपती बाहेर आले. सयाडो म्हणायचे त्यांना सगळे. फो म्यानं रीतीप्रमाणे तीनदा डोकं टेकवलं.

"फो म्या, लाकूडच आहे ते," सयाडो शांतपणे म्हणाले. "अनित्य आहे."

"वाळवीनं गेलं असतं, वीज पडून गेलं असतं, तर मीही हात जोडून हेच म्हणालो असतो. हे आळसानं गेलंय, सयाडो. तुम्ही तिथे उभे होतात."

मठाधिपतींशी असं आजवर गावात कुणी बोललं नव्हतं. माणसं पांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाडो भिक्षेला आले, तेव्हा फो म्या आतच बसला. बायकोनं, दॉ न्ग्वेनं, एकटीनं पात्रात भात वाढला.

"त्या भातानं काय केलंय तुमचं?" आत येऊन ती म्हणाली. "गावभर झालंय, म्हाताऱ्यानं भिक्षूकडे पाठ फिरवली म्हणून."

"होऊ दे."

"होऊ दे काय? मला बाजारात जायचं असतं."

सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी सयाडो भात घेऊनही पुढे गेले नाहीत. घराकडे बघत म्हणाले, "मला नुसतं थांबा म्हणायचं होतं. दात्याचं मन मोडेल म्हणून म्हणालो नाही. चूक माझी आहे."

फो म्या उठून उंबऱ्याशी आला.

"दार सांधायला येतो मी," तो म्हणाला. "पण तुमच्यासाठी नाही."

काम दोन महिने चाललं. त्यानं सुटलेला तुकडा खुंट्यांनी जोडला. करवतीनं खाल्लेल्या जागी नवा साग बसवला आणि देवतेची मान नव्यानं कोरली. काळ्याभोर जुन्या लाकडात ती फटफटीत पिवळी दिसायची. ठे लिननं माणसाबरोबर फटी बुजवायची लांबी आणि सोनेरी रंग पाठवला. जोड दिसू नये, असा निरोप होता.

फो म्यानं डबा न उघडता परत दिला. "सांग त्यांना, दिसायलाच हवा. कुठे कापलं ते लोकांनी विचारलं पाहिजे."

लोक विचारायचे आणि तो नावानिशी सांगायचा. सयाडोंसमोरसुद्धा. त्यांनी त्याला कधी अडवलं नाही.

पुढल्या वर्षी ठे लिन दर्शनाला आला, तो मागच्या लहान दारानं आत गेला. फो म्यानं ते पाहिलं. त्याला बरं वाटलं, पण राग काही तसूभरही कमी झाला नाही.