मुक्कामाची उंची

तुंगार्लीहून राजमाचीपर्यंतच्या वाटेवर रतनबाईंचं नामस्मरण एकदाही तुटलं नाही. नऊवारीचा काष्टा आवळलेला, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्यावर झोळी. भैरवनाथाच्या देवळाशी त्या पोचल्या तेव्हा बाजीराव तासाभरापूर्वीच येऊन पारावर पाय पसरून बसला होता. घड्याळ पाहून त्यानं त्यांची वेळ मोठ्यानं सांगितली. त्या नुसत्या हसल्या आणि आधी देवाला हात जोडायला गेल्या.

तळेगावच्या मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. हिमालयातला बर्फ त्यांनी अठरा वर्षं पांढऱ्या खडूनं फळ्यावर काढला होता, डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. आता एकोणसत्तर सालच्या मे महिन्यात त्यांचं डोंगरमंडळ पहिल्यांदाच तिकडे जाणार होतं. मंडळ म्हणजे चौघंच. कारखान्यात फोरमन असलेला बाजीराव हा म्होरक्या, पोस्टातला सोपान, दुकानदार श्रीपती आणि रतनबाई. सासऱ्यांनी परवानगी दिली होती, पण एका अटीवर. आबा म्हणाले होते, "जा. पण स्वतःच्या पायांनी परत ये. कुणी धरून आणलं, तर पुन्हा विचारायचं नाही." आबांचा शब्द म्हणजे शब्द. पहिलीच वाट चुकीची निवडली, तर ती शेवटचीही ठरणार होती.

वाटा दोन होत्या, दोन्ही कुमाऊंच्या डोंगरांतल्या. एक सोळा हजार फुटांवरच्या खिंडीची, सहा दिवसांची. दुसरी एका हिमनदीच्या तोंडापर्यंत जाणारी, साडेबारा हजारांची, दहा दिवसांची. कुठली धरायची ते आज ठरवून उद्या तिकडच्या वाटाड्याला पत्र टाकायचं होतं.

बुधाच्या बायकोनं नाचणीच्या भाकऱ्या आणि पिठलं आणून ठेवलं. बुधा इथलाच, उधेवाडीचा. मंडळ आलं की जेवण त्याच्या घरचं आणि वाट दाखवायलाही तोच. तोही बाजूला येऊन बसला.

बाजीरावानं त्याचा हिशेब मांडला. तुंगवाडीतून तुंगचा माथा बाराशे फूट, तो आपण पाऊण तासात गाठतो. बस सोडली की खिंडीपर्यंतची चढण दहा हजार फुटांची. म्हणजे आठ तुंग, सहा दिवसांत. दिवसाला दोन तुंगही होत नाहीत. सोपान आणि श्रीपतीनं माना डोलावल्या. मावळात सगळे असेच मोजतात. पहाटे गड चढायचा, देवाला नारळ फोडायचा आणि भाकरीच्या वेळेला खाली गावात परत.

रतनबाईंनी झोळीतून त्या दोन वाटांची छापील माहितीपत्रकं काढली. गेला आठवडाभर रोज पहाटे पिंपळाला एकशे आठ प्रदक्षिणा घालताना त्यांच्या मनात हाच विचार चालला होता. बारा वर्षांपूर्वी तो नेम धरला, तेव्हा भटजींच्या आईनं बजावलं होतं, की अकरापासून सुरुवात कर. त्यांनी हौसेनं पहिल्याच दिवशी एकशे आठ घातल्या. पाय सुजले, ताप भरला, दहा दिवस अंथरूण धरलं आणि नेम मोडला. कमी पडली होती ती श्रद्धाही नव्हती आणि ताकदही नव्हती. अंगाला वेळच दिला नव्हता. मग अकरापासून पुन्हा सुरुवात केली आणि हळूहळू एकशे आठवर आल्या.

"मी हिमनदीची वाट धरणार," त्या म्हणाल्या.

बाजीरावानं खिशातून छोटं पंचांग काढलं. त्याची आईही उपासतापासवाली, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक. ज्येष्ठातली निर्जला एकादशी खिंडीच्या वाटेवर नेमकी खिंड ओलांडायच्या दिवशी येत होती, आणि लांबच्या वाटेवर विश्रांतीच्या दिवशी. त्यानं ते बोट ठेवून सगळ्यांना दाखवलं. "बाई, तुमच्या उपासापायी आम्ही तिघांनी म्हाताऱ्यांच्या वाटेनं जायचं का?"

श्रीपती हसला. बोलणं रतनबाईंना लागलं, कारण ते अगदीच खोटं वाटण्यासारखं नव्हतं. बारा वर्षांत त्या दिवशी पाण्याचा थेंब त्यांच्या जिभेला लागला नव्हता, हे अख्ख्या तळेगावाला माहीत होतं.

"त्या दिवशी मी पाणी पिणार आहे," त्या नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "कुठल्याही वाटेनं गेलो तरी. सोमवारीच देवापुढे बसून तसं सांगितलंय. तेव्हा माझी एकादशी ह्यात धरू नका."

हसू थांबलं. बाजीरावानं पंचांग मिटलं.

मग त्यांनी विचारलं, "मला एवढंच सांगा, आपल्यातला कुणी आजवर सगळ्यांत उंच ठिकाणी रात्री झोपला, ते कुठं?"

सगळे विचारात पडले. गड खूप झाले होते, पण माथ्यावर झोपलं कोण? श्रीपतीनं लोणावळा म्हटलं. सोपान जरा लाजत म्हणाला, "महाबळेश्वर. लग्न झाल्यावर गेलतो." त्यावर त्याची यथेच्छ थट्टा झाली.

"म्हणजे साडेचार हजार," रतनबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही पत्रकांवर मुक्कामांच्या उंचीखाली शिसपेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. खिंडीच्या वाटेवर तिसरीच रात्र साडेबारा हजारांवर होती आणि चौथी साडेचौदा हजारांवर. दुसऱ्या वाटेवर चार रात्री हळूहळू चढत साडेदहा हजारांवर जायचं होतं, आणि तिथं एक दिवस नुसतं राहायचं होतं. दिवसा पाय किती चढतात ह्याची त्यांना काळजी नव्हती. तिथल्या विरळ हवेत रात्र काढायची सवय अंगाला कधी होणार, हा त्यांचा प्रश्न होता.

बाजीराव म्हणाला, दम आहे त्याला सवय कशाला लागते?

बुधा तंबाखू मळता मळता बोलला. "भाऊ, आमी कोकनातनं बैल आनतो. चांगला पोसलेला असतो. पर घाट चढून हितं आनला की आठ दिस जुपत न्हाई. हितलं पानी, हितली हवा अंगी लागू द्येतो. त्यातच जुपला की बसतो खाली, मंग उठत न्हाई."

"म्हणजे मी बैल का रे?"

"न्हाई भाऊ. बैल आयकतो."

ह्यावर सोपानला ठसका लागला, श्रीपतीनं त्याच्या पाठीवर थापटलं आणि शेवटी बाजीरावही हसला. हसून झाल्यावर त्यानं रेघा मारलेली पत्रकं पुढं ओढली आणि बराच वेळ वाचत बसला. तो फोरमन होता. नवं यंत्र आलं की पहिले काही दिवस त्यावर पुरता भार टाकायचा नाही, हे तो रोज पोरांना शिकवत होता. ते त्याला आत्ता आठवलं की नाही, कोण जाणे. त्यानं विचारलं ते एवढंच, "साडेदहा हजारांवर एकच दिवस पुरेल?"

"दोन मागू या," रतनबाई म्हणाल्या. "सुट्टी तेवढी आहे."

त्यानं सोपानकडून पोस्टकार्ड मागून घेतलं, मांडीवर पाटी ठेवली आणि पत्र लिहायला घेतलं. रतनबाई मुक्कामांची नावं सांगत गेल्या, तो लिहीत गेला. सही करण्याआधी मात्र त्यानं मान वर केली. पुढच्या साली खिंडीलाच जायचं, हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणाला.

"जाऊ की," रतनबाई म्हणाल्या. "तेव्हाही माझं नाव घाला. आबांना मी स्वतः चालत जाऊन विचारीन."