लाँचचे पाच मालक आणि माझी चूल

मी मढची सगुणा. माशांची पाटी घेऊन खाडीपलीकडच्या वेसाव्यावरून अंधेरीच्या बाजारात जाते. माझं तोंड फटकळ आहे असं सगळा बाजार म्हणतो, आणि ते खोटं नाही. तेव्हा हे सांगताना मध्येच कोणाची शोभा झाली तर झाली.

लग्न होऊन आले ती दिराच्या घरात. तुळशीदास माझा मोठा दीर, पार्वती माझी जाऊ. खोल्या दोन, माणसं अकरा, चूल एक, आणि ती पार्वतीची. बारा वर्षं मी त्या चुलीवर रांधलं आणि बारा वर्षं कालवणात मीठ किती घालायचं ते पार्वतीने सांगितलं. मला दागिने नको होते, लुगडी नको होती. मला माझी चूल हवी होती. दुसरं काही मागितलं असेल तर या जिभेला किडे पडोत.

माझा माणूस हरेश्वर. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, मी घेते. घरचे सगळे मासेमारीला जायचे, हा एका लाँचवर तांडेल होता, म्हणजे सुकाणू याच्या हातात. लाँच मासे धरायची नव्हे, हवा खायची. एकसष्ट साली आमच्याकडच्या बंगल्यातल्या एका म्हाताऱ्या पारशी शेटने ती बांधून घेतली. अस्सल सागवान, पांढरा रंग, वेताच्या खुर्च्या, आणि पुढे बायकोचं नाव. शेटला बोट लागायची. म्हणून लाँच नांगरावर असताना तो चढायचा, चहा प्यायचा आणि उतरायचा. मग इंजिन बसू नये म्हणून हरेश्वर तिला एकटाच फिरवून आणायचा. पाच वर्षं असं चाललं. शेट देवमाणूस होता.

सहासष्टला ती चंद्रप्रकाश नावाच्या सिनेमावाल्याने घेतली. त्याने नाव बदललं, रंग बदलला, आणि मग दर सिनेमाला बदलतच राहिला. कधी ती स्मगलरची असायची, कधी राजपुत्राची. हरेश्वर अकरा सिनेमांत आहे, सगळ्यांत पाठमोरा. दोनदा त्याला गोळीही लागली. एक सिनेमा मी अंधेरीला जाऊन बघितला, तर पाठ ओळखली. सदरा मीच शिवलेला होता.

सत्तर साली सिनेमावाला बुडाला आणि लाँच अंधेरीच्या एका हॉटेलवाल्याकडे गेली. त्याने 'विलायती धर्तीची समुद्रसफर' अशी पाटी लावली. दर रविवारी वेसाव्याहून निघायचं, मढच्या किल्ल्यापर्यंत जायचं आणि परत. सोबत बटाटेवडे आणि ऑर्केस्ट्रा. ऑर्केस्ट्रा म्हणजे एक माणूस आणि त्याची पेटी, आणि मोठी लाट आली की सगळ्यांत आधी तोच गप्प व्हायचा. लोक जाताना वडे खायचे आणि येताना माशांना घालायचे.

मालक कोणीही असो, हरेश्वर लाँचबरोबर यायचा. नवा मालक आधी फळ्या वाजवून बघायचा, मग इंजिन बघायचा, मग याच्याकडे बघून विचारायचा, हा पण यातच का? तो यातच होता. जूनमध्ये तो तिला वाळूवर ओढून घ्यायचा, आमच्या सगळ्या होड्या शाकारतात तशी माडाच्या झापांनी शाकारायचा, फळ्यांना माशाचं तेल पाजायचा, आणि नारळी पौर्णिमेला झापं काढून पुन्हा पाण्यात घालायचा. माझ्या पायांना एवढं तेल कधी लागलं नाही.

त्र्याहत्तर साली घाटकोपरचा भंगारवाला दत्तारामशेट आला. त्याला फक्त इंजिन हवं होतं. ते काढून त्याने ट्रकवर चढवलं आणि म्हणाला, "फळ्या मग नेतो." हरेश्वरने लाँच वाळूवर ओढून घेतली. जून आला तेव्हा नेहमीसारखी शाकारली. आणि मी पार्वतीला म्हटलं, "पाऊस संपेपर्यंत आम्ही तिकडे निजतो, इथे जागा नाही." स्टोव्ह, दोन टोपं आणि मिठाचा डबा घेऊन मी शिडी चढले.

नारळी पौर्णिमेला हरेश्वर झापं काढायला आला. मी दारातच उभी राहिले. दार म्हणजे गोणपाट. म्हटलं, "इंजिन नाय, मग पाण्यात काय शीड लावून नेणार? राहू दे." त्याने माझ्याकडे बघितलं, वर झापांकडे बघितलं, आणि कोयता खाली ठेवला. त्या दिवशी मी कोळंबीचं कालवण केलं आणि हौसेने मीठ जास्त घातलं. दोघांनी गुपचूप खाल्लं. मला फार बरं वाटलं.

असे अडीच वर्षं राहिलो. शहात्तर साली झोपड्या मोजायला माणसं आली. आमच्या वाळूवर आला तो चष्मेवाला, हातात वही, बगलेत रंगाचा डबा. त्याने जन्मात शाकारलेली होडी बघितली नव्हती. खाली उभा राहून त्याने हाक मारली, "माळ्यावर कोण राहतं?"

हरेश्वर सांगायला पुढे झाला. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"भिंती कशाच्या?" चष्मेवाल्याने विचारलं.

"सागवानाच्या."

"जोतं बरंच उंच घेतलंय."

"समुद्र जवळ आहे ना."

"पाण्याची सोय?"

"भरतीला येतं."

त्याने सगळं लिहून घेतलं. मग जिथे पारशिणीचं आणि नंतर कोणाकोणाचं नाव येऊन गेलं होतं, तिथे ब्रशने नंबर घातला, ११७. मी एका अक्षराने खोटं बोलले नव्हते. महिन्याभराने आम्हा दोघांचा फोटो लावलेलं कार्ड आलं. घरप्रमुख हरेश्वर, पत्नी सगुणा. ते कार्ड मी पार्वतीला दाखवायला नेलं. तिने हात पुसून ते घेतलं, उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, "फोटोत जाडी दिसतेस." मी घरी येऊन ते मिठाच्या डब्यामागे ठेवलं आणि जरा वेळ नुसती बसून राहिले. माझ्या नावाचं घर होतं.

होळीनंतर दत्तारामशेट दोन सुतार आणि करवत घेऊन फळ्या न्यायला आला. मी कार्ड पुढे केलं.

त्याने ते दोनदा वाचलं. "बाई, मी लाँच घेतली होती."

"तेव्हा लाँच होती."

"आणि आता?"

"आता नंबर पडलाय. नंबर पडलेलं घर तोडलं तर पोलीस येतात. विचारा सुतारांना."

सुतार स्वतः कुर्ल्याच्या झोपडपट्टीतले होते. ते म्हणाले, येतात. शेट वाळूवर बसला. म्हणाला, उभ्या आयुष्यात असं भंगार बघितलं नाही. मी त्याला चहा दिला, साखर माझ्या अंदाजाने घालून.

सगळं इथे संपलं असतं तर मी आज ताठ मानेने फिरले असते. पण मे महिन्यात तुळशीदास आला. तो गावातल्या मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. शिडीच्या तळाशी उभा राहून त्याने सांगितलं की सोसायटीला मासेवाल्या बायकांना पाट्यांसकट वेसाव्याला न्यायला आपली लाँच हवी आहे. नवं इंजिन मंजूर झालंय. भंगारवाला फळ्या आनंदाने देतोय. तांडेल हरेश्वर. फक्त नारळी पौर्णिमेला ती पाण्यात पाहिजे.

"आणि घर?" मी विचारलं.

"आपलं घर आहे की. पार्वती काय हाकलते का?"

मी हरेश्वरकडे बघितलं. तो म्हणाला, "मना नको. घर हाय आता." आणि आत जाऊन निजला, भर दुपारी. तुळशीदास गेला. मी जिंकले होते. जिंकल्यावर जेवण गोड लागतं म्हणतात, पण मला लागलं नाही. हरेश्वर कालवणाला चांगलं म्हणाला, पाणी भरून आणलं, शिडीची मोडलेली पायरी बसवली. असा गुणी नवरा मी त्याआधी कधी बघितला नव्हता, आणि बघवत नव्हता.

जूनच्या आधी एक दिवस बाजारातून लवकर आले. हा लाँचच्या पोटाखाली उताणा पडून फळ्यांना तेल चोळत होता. तेलाचा डबा कुठे लपवला होता देव जाणे.

"घराला तेल कोण लावतं?" मी विचारलं.

"फळ्या सुकतात," तो म्हणाला.

"सुकू दे. घरच हाय ना? घराच्या फळ्या सुकल्या तर काय बुडणार हाय?"

त्याने चिंधी डब्यात बुडवली आणि पुढच्या फळीला लावली. तीन वर्षं तो ते करत होता, मी बाजारात असताना, चोरासारखा, आपल्याच घराखाली. मला त्याचा राग आला, तुळशीदासचा आला, त्या चष्मेवाल्याचाही आला. मग मी वर गेले. स्टोव्ह विझलेलाच होता. तो टोपांसकट उचलला, मिठाचा डबा कडेवर घेतला आणि उतरले. म्हटलं, "त्या कोयत्याने झापं काढ. पाऊस यायच्या आत नीट बघून घे लाँच कुठे गळते ते." तो लाँचखालून बाहेर आला नाही.  मीही वाट बघितली नाही, कारण मला रडायचं होतं आणि ते पार्वतीच्या दारात पोहोचायच्या आत उरकायचं होतं.

पार्वतीने जागा करून दिली. पहिल्याच दिवशी म्हणाली, मीठ जास्त पडलंय.

नारळी पौर्णिमेला लाँच पाण्यात गेली. नारळ मी सोडला. दिवाळीनंतर एक दिवस पाटी घेऊन वेसाव्याला निघाले, तर धक्क्यावर तोच चष्मेवाला. फेरतपासणीला आला होता. सकाळपासून वाळूवर ११७ नंबर शोधत होता. मला बघून त्याला हायसं वाटलं.

"बाई, तुमचं घर कुठे गेलं?"

"वेसाव्याला. आता येईल."

थट्टा समजून तो हसला. मग लाँच आली, धक्क्याला लागली. पुढच्या फळीवर रंग खरवडलेला होता, पण एकशे सतरा अजून वाचता येत होतं. त्याने वाचलं. परत वाचलं. परतीला दुसरी लाँच नव्हती, म्हणून तो चढला आणि माझा स्टोव्ह असायचा नेमका तिथे बसला. वही उघडली. म्हणाला, जागेवर नसलेलं घर काढून टाकावं लागतं.

"काढा," मी म्हटलं.

"कार्ड परत द्यावं लागेल. घरप्रमुखाची सही पण हवी. ते कुठे आहेत?"

मी मागे दाखवलं. हरेश्वर सुकाणू धरून उभा होता. पंधरा वर्षांत मी त्याला समोरून असा उभा कधी बघितला नव्हता. त्याने एका हाताने सही केली, दुसरा हात सुकाणूवर, नजर पाण्यावर. चष्मेवाल्याने आमच्या नावांवर रेघ ओढली. पेन नीट चालत नव्हतं, दोनदा ओढावी लागली. मी कार्ड दिलं आणि पाटी जवळ ओढून घेतली, कारण वेसावं आलं होतं आणि मला बाजार गाठायचा होता.