पूजेचा फुटबॉल

शहाऐंशी साली तोताराम नानांनी टीव्हीवर विश्वचषकाचे दोन सामने पाहिले आणि त्यांच्या डोक्यात फुटबॉल शिरला. नाना म्हणजे पारोळ्याजवळच्या एका गावच्या शाळेचे चेअरमन. त्यांच्या डोक्यात शिरेल ते शाळेला निस्तरावं लागे. त्यांनी थेट जळगावहून चामड्याचा फुटबॉल आणला आणि हेडमास्तर जीवराम सरांच्या हाती दिला, तो नेमका खंडेनवमीला.

मग काय विचारता! लेझमा, ढोल, विळे, घंटेची हातोडी असं सगळं पूजेला मांडलेलंच होतं. बॉल मधोमध बसला. हळदकुंकू झालं, झेंडूची माळ पडली, नानांच्या हस्ते नारळ फुटला. नववीतला अभिमन मागे उभा राहून पाहत होता आणि त्याचे पाय नुसते शिवशिवत होते.

त्याला कारण होतं. डिसेंबरात धुळ्याला शाळांचे सामने होते आणि तिथली एक वसतिगृहाची शाळा चांगल्या खेळाडूला फुकट शिकवत असे. अभिमनच्या बापानं, उखर्डूभाऊनं, निकाल आधीच लावून टाकला होता, "नववी व्हयनी का वावरमा ये." धुळ्याची ती जागा मिळाली तरच पुढची शाळा, नाहीतर कपाशी.

दसरा झाल्यावर अभिमन बॉल मागायला गेला. जीवराम सर दचकलेच.

"पुजलेल्या वस्तूला लाथ मारणार? घरच्या देवाला मारतोस का?"

"सर, पन तो फुटबॉल शे."

"होता," सर म्हणाले. "आता त्याची पूजा झाली आहे."

बॉल काचेच्या कपाटात गेला. शिपाई वना दर गुरुवारी त्याला फूल वाही. लेझमा मात्र दुसऱ्याच दिवशी खणखणल्या, विळ्यांनी गवत कापलं, हातोडी घंटेवर आपटली. त्यांच्या पूजेची कुणाला आठवण झाली नाही. अडचण काय ती पायाचीच होती. एवढ्या अकलेपुढे कुणी हात टेकावेत नाहीतर काय करावं!

शेवटी अभिमनच्या आईनं, भिकुबाईनं, जुन्या लुगड्यात कापूस ठासून एक गोळा शिवला. "ले रे भाऊ, यानी पूजाबिजा काही करनी नही शे. बठ्ठा मिळीसन मारा लाता."

दोन महिने पोरं त्या गोळ्यानं खेळली. गोळा उसळत नसे. टाकला तिथे पडून राही, नानांच्या मीटिंगमधल्या सभासदांसारखा. अभिमन तो पायाशी धरून अख्खं मैदान पार करी, आणि त्याला अडवील असं पोरगं गावात नव्हतं.

धुळ्यात खरा बॉल पहिल्यांदा त्याच्या पुढ्यात आला, टप्पा घेतला आणि डोक्यावरून निघून गेला. दुसऱ्यांदा अभिमननं गोळ्याला हाणायचा तशी सणसणीत लाथ हाणली, तर बॉल कुंपणापलीकडे रस्त्यावर. पोरांना हसू आवरेना. शेवटी शेवटी त्याला जरा अंदाज आला, दोघांना त्यानं चकवलंही, तेवढ्यात शिट्टी झाली. नऊ-शून्य.

वसतिगृहवाल्या शाळेचे कोच वही घेऊन जीवराम सरांकडे आले. "पोरगा पळतो झकास. पण यानं कधी बॉल पाहिलाय का? तुमच्या शाळेत बॉलच नसेल तर तसं सांगा. मी शिकवीन त्याला, घेऊन टाकतो."

अभिमनचे प्राण कानात गोळा झाले. नाही म्हणा सर, एकदा नाही म्हणा.

पण सरांच्या शेजारी नाना उभे होते. "नसायला काय झालं?" सर ताठ झाले. "अस्सल चामड्याचा आहे, आमच्या नानांनी दिलेला. दोन महिने झाले, एक ओरखडा नाही!"

"दोन महिने?" कोचचा चेहरा पडला. "दोन महिने खेळून हे असं? मग अवघड आहे."

"सर, त्याले आम्ही पायच लावा नही," अभिमन कळवळून म्हणाला. "त्यानी पूजा व्हयेल शे."

कोच हसले. "पूजा आम्हीही करतो रे, खंडेनवमीला. दुसऱ्या दिवशी त्याच बॉलनं खेळतो. हरल्यावर बहाणा तरी जरा बरा शोधावा."

अभिमननं सरांकडे पाहिलं. सर नानांकडे पाहत होते. एक ओरखडा नाही, हे ऐकून नाना भलतेच खूश झाले होते. कोचनी वहीत दुसऱ्या संघातल्या पोराचं नाव लिहिलं, आणि तिघे मिळून चहाला गेले.