दहा वर्षांच्या हमीचा लाल रंग

एर्वान येतोय म्हटल्यावर डेन्झिलने आधी बोटीच्या केबिनवर ताडपत्री ओढली.

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या या बंदरातून तो खेकडे पकडे आणि समुद्रापलीकडचा फ्रेंच एर्वान ते जिवंत विकत घेई. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. लांब पायांचा, काटेरी, कोळ्यासारखा दिसणारा हा खेकडा गावात कुणी तोंडात घालत नसे. असलं फ्रेंचांनीच खावं, असं लोक म्हणत. फ्रेंच खात आणि डेन्झिलचं घर चाले.

मग युरोपीय संघातून बाहेर पडायचं का, यावर देशभर मतदान झालं. डेन्झिलने बाहेर पडायला मत दिलं. तेवढ्यावर भागलं असतं, पण त्याने केबिनच्या छपरावर हातभर लाल अक्षरांत ‘बाहेर पडा’ असंही रंगवलं. रंग बोटींचा, खास, दहा वर्षांच्या हमीचा.

देश बाहेर पडला. आता दर खेपेला पशुवैद्याने खेकड्यांच्या तब्येतीचा दाखला द्यायचा आणि पलीकडे तो तपासून होईपर्यंत ट्रकने ताटकळायचं. तोवर खेकडे मरत. दाखल्यावर मात्र ठणठणीत असत.

एर्वान फोनवर हळहळे. तुमच्याकडच्या मूर्खांची शिक्षा तुला, म्हणे. आणि डेन्झिल म्हणे, काय सांगू, लोक ऐकतच नाहीत. पुढे नुसते ‘लोक’ पुरेनात, म्हणून त्याने क्लेमो नावाचा एक चुलतभाऊ तयार केला. क्लेमोने मत दिलं होतं, पत्रकं वाटली होती, वर मिजास दाखवली होती.

छपरावर दोनदा पांढरा रंग मारून झाला होता. दोन्ही वेळा अक्षरं गुलाबी होऊन वर आली. रंगाची कंपनी शब्दाला पक्की निघाली.

“क्लेमो जेवायला आहे का?” डेन्झिलची बायको लव्हडे म्हणाली. “ताट मांडायचं का त्याचं?”

“तो गेला म्हणून सांगणार आहे.”

“मग सुतकाचे काळे कपडे बाहेर काढते हो, राजा.”

एर्वानने धक्क्यावर उतरताच क्लेमोची चौकशी केली. डेन्झिलने टोपी काढली. एर्वाननेही काढली.

मग एर्वानने सांगितलं की ट्रक आता येणार नाही, परवडत नाही, आणि हे फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं. डेन्झिलने मान हलवली.

“आणि ती ताडपत्री काढ,” एर्वान म्हणाला. “मतदानाच्या वेळीच आमच्या एका बोटवाल्याने मला फोटो पाठवला होता.”

“आणि तरी तू खेकडे घेत राहिलास?”

“खेकडे चांगले होते.” एर्वानने टोपी डोक्यावर ठेवली. “आणि क्लेमोचं पुढे काय होतं, तेही ऐकायचं होतं.”

डेन्झिलने ताडपत्री काढली. गाठी त्यानेच करकचून मारल्या होत्या, त्यामुळे बराच वेळ लागला. एर्वान शेजारी उभा राहून भलतीकडे बघत होता.

घरी लव्हडेने खेकडे उकडले होते आणि खरंच चार ताटं मांडली होती. डेन्झिल आपली खुर्ची सोडून चौथ्या ताटावर जाऊन बसला. त्याने खेकड्याचा पाय उचलला, उलटसुलट करून पाहिला. वीस वर्षांत त्याने तो कधी खाल्ला नव्हता.

एर्वानने त्याच्या हातातून पाय घेतला, फोडला आणि परत त्याच्या ताटात ठेवला.